पक्षकाराची जागा

गळ्यातल्या बिल्ल्यावर माझ्या नावाखाली ग्वाल्हेर लिहिलेलं होतं, आणि ते मी भांडून लिहून घेतलं होतं. लिस्बनमधल्या त्या अवाढव्य हॉलच्या दारात नोंदणीला बसलेल्या मुलीनं आधी नुसतं इंडिया छापलं होतं. मी म्हटलं, शहराचं नाव टाका. ती म्हणाली, जागा कमी आहे. मी म्हटलं, मग इंडिया काढा. मागे रांग खोळंबली होती, माझी मैत्रीण माझी ओढणी ओढत होती, पण मी जागची हलले नाही. शेवटी त्या मुलीनं दुसरा बिल्ला छापून दिला. अशा बाबतीत मी पहिल्यापासून हट्टी आहे आणि आता चाळिशी उलटल्यावर सुधारेन असं वाटत नाही.

ते संमेलन होतं ऑनलाइन कसिनोंच्या धंद्यातल्या लोकांचं, आणि आम्ही त्यातले अ‍ॅफिलिएट. म्हणजे आम्ही स्वतः कसिनो चालवत नाही. कुठला कसिनो कसा आहे, त्याच्या अटी काय, जिंकलेले पैसे तो सुखासुखी देतो की नाही, हे आमच्या वेबसाइटवर लिहितो. ते वाचून कोणी आमच्या साइटवरून त्या कसिनोत गेला, तर कंपनी आम्हाला कमिशन देते. आमचे वाचक इंग्लंड-कॅनडाकडचे, जिथे हे कायद्यानं चालतं. आपल्याकडे ते बंद आहे आणि बंद आहे तेच बरं, असं मी या धंद्यात राहून म्हणते. मी स्वतः जन्मात एक डाव लावलेला नाही.

आमचं ऑफिस ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात, लेस आणि बटणांच्या एका घाऊक दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. भागीदार ही माझी कॉलेजातली मैत्रीण. मुरार छावणीतली, फौजी घरातली, हिंदी बोलणारी, आणि माझ्यापेक्षा दसपट व्यवहारी. वेबसाइट चालवणं आणि कंपन्यांशी बोलणी करणं तिच्याकडे, वाचणं आणि लिहिणं माझ्याकडे. कसिनोच्या अटींची चाळीस-चाळीस पानं असतात. ती कोणी वाचत नाही. मी वाचते, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, किंवा खरं सांगायचं तर शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. ही सवय मला घरातून लागली.

बाबा कचेरीत अर्जीनवीस होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचे अर्ज, करारनामे, खरेदीखतं लिहून देणं आणि दुसऱ्यानं लिहिलेली वाचून दाखवणं, हे त्यांचं काम. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि दफ्तरात कागद लिहीत बसले. त्यांचं दफ्तर गेलं, पण कागद सुटला नाही. बाबांनी कचेरीच्या आवारात चिंचेखाली एका तख्तावर चाळीस वर्षं काढली. शाळा सुटली की मी डबा घ्यायच्या निमित्तानं तिथे जाऊन बसायची, म्हणून त्यांची पद्धत मला तोंडपाठ आहे.

पक्षकार आला की खाली चपला काढायचा आणि तख्तावर चढायचा. आजूबाजूचे बाकीचे लिहिणारे पक्षकाराला समोर बसवत. बाबा कधीच बसवत नसत. 'समोर बसलास तर कागद उलटा दिसेल, बाबा रे,' असं म्हणून त्याला आपल्या डाव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लावून बसवत. त्याला अक्षर येत नसलं तरी. मग कागदाचं शेवटचं पान वर घ्यायचे आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खालून वर वाचत जायचे. कागद करणाऱ्याला जे लपवायचं असतं ते तो शेवटी, बारीक अक्षरात आणि वाचणारा थकून जातो तिथे ठेवतो, असं त्यांचं मत. माणूस बोटाबरोबर वाकत जायचा. अंगठा उठवायची वेळ येईपर्यंत त्याला कळलेलं असायचं की तो कशावर अंगठा उठवतोय.

अशा माणसाला माझं काम कसं आवडावं? आई गेल्यापासून दर्पण कॉलनीतल्या घरात आम्ही दोघंच. पाच वर्षं बाबांनी माझ्या ऑफिसचं नाव काढलं नव्हतं. शेजारी विचारायचे तेव्हा ते 'कंप्यूटरचं काही काम करते' म्हणून विषय बदलायचे. लिस्बनचं तिकीट आलं त्या दिवशी मात्र ते जेवता जेवता थांबले.

"म्हणजे जुगाऱ्यांच्या मेळ्याला जाऊन राहिलीस तू?"

"बाबा, जुगाऱ्यांच्या नाही. त्या धंद्यातल्या लोकांच्या."

"एकच बात आहे. सीधी सीधी दलाली आहे ही. लोकांना मी काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. मी ताट सारलं आणि म्हटलं, "तुम्ही चाळीस वर्षं जे केलं तेच मी करते. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला वाचून दाखवते. फरक इतकाच की तुमचा माणूस भिंड-मोरेन्याहून यायचा, माझा लांबून येतो."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आमटी निवत होती. मग म्हणाले, "माझा पक्षकार माझ्या डाव्या हाताला बसायचा. तुझा कुठे बसतो, ते बघून ये. मग बोल माझ्याशी."

एवढं बोलून ते उठले. मधुमेहामुळे डॉक्टरांनी त्यांना अनवाणी फिरायला मनाई केली आहे, त्यामुळे ते घरातही रबरी चपला घालतात; फक्त देवघराच्या उंबऱ्यावर त्या उतरतात. त्या चपलांचा चटक-चटक आवाज त्यांच्या खोलीपर्यंत गेला आणि दार लागलं. मी लिस्बनला गेले ती हे वाक्य घेऊनच. कोणी काही म्हणो, मला तिथे कमिशन मिळवायचं नव्हतं, बाबांना उत्तर द्यायचं होतं.

हॉलमध्ये शिरलो आणि आम्ही दोघी बावचळलो. एकेका कंपनीचा मांडव आमच्या घराहून मोठा. ढणाढणा संगीत, फिरती चक्रं, फुकटची कॉफी, पाय दाबून देणाऱ्या खुर्च्या. या धंद्यात ग्राहक आणून देतो तो अ‍ॅफिलिएट, म्हणून कंपन्या आमच्या पुढे-पुढे करत होत्या. लग्नात वरपक्षाच्या लोकांना जसं 'हे घ्या, ते घ्या, इथे बसा' करतात, अगदी तसं. माझ्या मैत्रिणीला ते मानवलं. दुपारपर्यंत तिच्या खांद्यावर पाच पिशव्या लटकत होत्या. मला कोणी 'घ्या' म्हटलं की मी सवयीनं दोनदा 'नको' म्हणायची. पण तिथले लोक पहिल्या 'नको'लाच ऐकतात, त्यामुळे मी उपाशी राहिले. ग्वाल्हेरच्या माणसाला परदेशात असं पोटानं शिकावं लागतं.

आमची खरी भेट होती एका बड्या कंपनीशी. त्यांनी स्वतः वेळ मागितली होती. मैत्रीण आठवडाभर त्याच तयारीत होती. ही एक कंपनी हाताला लागली असती तर टोपी बाजारातल्या त्या दोन खोल्यांत आणखी चार माणसं ठेवता आली असती, आणि ऑफिस चालेल की बंद करावं लागेल ही दर उन्हाळ्यातली चिंता मिटली असती. हे मी तिच्या बाजूनं सांगते, कारण ती काही लोभी बाई नाही.

कंपनीचा व्यवस्थापक उंच, नम्र, छान हसणारा माणूस होता. टेबलाच्या पलीकडे तो, अलीकडे आम्ही दोघी. त्यानं आमच्या साइटची तोंडभर स्तुती केली, मोठा करार पुढे ठेवला, आणि शेवटी म्हणाला, एक बारीकशी गोष्ट आहे.

त्यांच्या कसिनोबद्दल मी जे पान लिहिलं होतं, त्याचा पहिलाच परिच्छेद त्यांना खुपत होता. त्यांच्या अटींच्या शेवटच्या पानावर मला एक कलम सापडलं होतं. जिंकलेले पैसे काढायला अर्ज केला की ते हातात पडायला पाच दिवस लागतात. त्या पाच दिवसांत माणसानं एक जरी डाव लावला तरी त्याचा अर्ज रद्द होतो, आणि बोनसच्या अटी, म्हणजे ठरावीक रकमेचे डाव लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत त्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जुगारी माणूस पाच दिवस हात बांधून बसेल का? तो बसणार नाही हे ज्यानं कलम लिहिलं त्याला पक्कं माहीत होतं. मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: अर्ज केलात की खात्याकडे पाच दिवस फिरकू नका, नाहीतर जिंकलेलं गेलं समजा.

"काढून टाका असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "तुमची माहिती बरोबर आहे. फक्त ती पानाच्या शेवटी न्या."

शेवटी! मैत्रिणीनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. तिचं म्हणणं मला न बोलता कळलं: काढायचं नाहीये ना, हलवायचंच आहे, मान हलव. आणि मी खोटं सांगणार नाही, माझी मान हलायच्या बेतात होती. परिच्छेद राहणारच होता. खोटं काहीच लिहायचं नव्हतं. त्या चार नव्या माणसांची टेबलं कुठे लावायची हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

मग मला वाटलं, या माणसानं ते कलम एकदा तरी वाचलंय का? मी त्याला म्हटलं, तुमच्या अटी उघडता का जरा? त्यानं टॅब्लेट काढला आणि टेबलावर माझ्याकडे वळवून ठेवला. आता अक्षरं मला सरळ आणि त्याला उलटी. ते बघवेना म्हणून मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि पलीकडच्या सोफ्यावर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. म्हणजे तो माझ्या डाव्या हाताला आला. खांद्याला खांदा लावून.

तो दचकून दोन इंच सरकला. माझी मैत्रीण तोंड उघडं टाकून बघत राहिली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. कागद दोघांनी वाचायचा असला तर दुसरीकडे कुठे बसतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी शेवटचं पान काढलं, बोट ठेवलं आणि खालून वर, एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. आधी तो नुसता सौजन्यानं बघत होता. कलम आलं तसा वाकला. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे मी असं कधी पाहिलं नव्हतं."

तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो 'एक मिनिट' म्हणून उठून गेला. मी तशीच बसून राहिले, कंपनीच्या बाजूला, कंपनीचा टॅब्लेट मांडीवर घेऊन. इथे सगळा घोळ झाला. एक पांढऱ्या दाढीचा, ढगळ स्वेटर घातलेला माणूस आला आणि माझ्यासमोर बसला. त्या मांडवात टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस कंपनीचाच असणार, असं त्यानं धरलं. तो कॅनडातला अ‍ॅफिलिएट होता. त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे पैसे काढताना काही अडचण येते का? माझे वाचक तक्रार करतात."

मी काय सांगणार? विचारलं ते सांगितलं. "येते. इकडे या, दाखवते," असं म्हणून मी त्याला आधी शेजारी बोलावलं, डाव्या हाताला बसवलं आणि कलम वाचून दाखवलं. तो बोटाबरोबर वाकत गेला. वाचून झाल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "इतकं खरं बोलणारी कंपनी मी पहिल्यांदा बघतोय. पण मी काही तुमच्याशी करार करत नाही." आणि तो उठून चालता झाला. व्यवस्थापक मागे उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

माझ्या मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "हे भगवान! उन्हीं की दुकान पे बैठ के तूने उन्हीं का ग्राहक भगा दिया!"

व्यवस्थापक हसला, पण आधीसारखा नाही. त्यानं सभ्यपणे विचारलं, मग परिच्छेदाचं काय? आता माझी मान हलायचा प्रश्नच नव्हता. "तो पहिलाच राहील," मी म्हटलं. "शेवटी काय ठेवतात ते आपण दोघांनी आत्ताच वाचलं." त्यानं करार आवरून पिशवीत ठेवला, आमच्याशी हात मिळवला आणि पुढच्या माणसाकडे वळला. एवढंच. धमकी नाही की वादावादी नाही.

मैत्रीण माझ्याशी दुपारभर बोलली नाही. पाय दाबून देणाऱ्या खुर्चीत डोळे मिटून पडून राहिली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि मला रडू आलं, कारण तिची आठवडाभराची मेहनत मी दहा मिनिटांत पाण्यात घातली होती. मग तिनं डोळे न उघडताच एक पिशवी माझ्याकडे ढकलली. आत सँडविच होतं. "खा ले. तू सुबह से नको-नको करके भूखी बैठी है," ती म्हणाली. आमचं भांडण असंच मिटतं.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत तो दाढीवाला भेटला. माझ्या गळ्यातला अ‍ॅफिलिएटचा बिल्ला वाचला, मी कंपनीची नाही हे त्याला कळलं, आणि तो इतका हसला की हातातला कप हिंदकळला. मग गंभीर झाला. म्हणाला, "मी तुम्हाला कंपनीची समजलो. ते कलम मी रात्रीच माझ्या पानावर सगळ्यात वर टाकलं. पण तुम्हाला ते सापडलं कसं? मी वीस वर्षं या धंद्यात आहे." मी त्याला शेवटच्या पानाची गोष्ट सांगितली. ही विद्या कुठली, असं त्यानं विचारलं. मी बिल्ल्यावर बोट ठेवलं. ग्वाल्हेर म्हटलं की लोकांना किल्ला सांगतात. मी त्याला कचेरी सांगितली, चिंच सांगितली, तख्त सांगितलं. सांगताना माझी छाती इतकी फुलली होती की करार गेल्याचं दुःख त्यात मावेना.

घरी आले तेव्हा बाबांनी दार उघडलं, प्रवास कसा झाला विचारलं आणि चहा टाकायला गेले. दोन दिवस त्यांनी लिस्बनचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हं. आता सांग."

मी सगळं सांगितलं. करार गेला तेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, साक्ष ऐकावी तसे. शेवटी एकच विचारलं, "तो दाढीवाला. त्याचे डोळे कुठे होते? तुझ्यावर की कागदावर?"

"कागदावर, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मला भयंकर राग आला. एवढा मोठा करार घालवून आलेल्या मुलीला नुसतं 'हं'? 'शाबास' नाही, 'चूक झाली' नाही, काहीच नाही. मी खोलीत जाऊन दार आपटलं. चाळिशीच्या बाईनं दार आपटू नये हे मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी माझ्या खोलीत टेबलाशी बसून एका नव्या कंपनीच्या अटी वाचत होते. बाहेर चपलांचा चटक-चटक आवाज आला आणि दारापाशी थांबला. मी वळून पाहिलं. बाबा उभे होते. हातात एक फुगलेला लिफाफा होता. त्यांनी दाराची चौकट धरली आणि एकेक करून दोन्ही चपला उंबऱ्याबाहेर उतरवल्या.

"बाबा, डॉक्टरांनी..." मी म्हणू लागले, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. अनवाणी पायांनी आत आले. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्या डाव्या हाताला लावलं आणि माझ्या खांद्याला खांदा टेकवून बसले.

"विम्याचा कागद आला आहे. नवीन अटी लागल्या म्हणतात," ते म्हणाले. "बारीक अक्षर आता दिसत नाही मला. जरा वाचून देशील?"

मोतीबिंदू तर त्यांना तीन वर्षांपासून आहे. एवढे दिवस ते कागद घेऊन समोरच्या निवृत्त बँकवाल्या काकांकडे जात होते. माझ्याकडे कधी आले नव्हते. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि तो कुठे ठेवावा तेही सुचेना, म्हणून मी उगाच चष्मा पुसत बसले. मग लिफाफा फोडला, शेवटचं पान वर घेतलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

बाबा माझ्या बोटाबरोबर वाकले.